घोड्याची चाल आणि पाळकाचा मुक्काम
(फर्दापूरच्या घाटांतील आठवणींवरून एक पाठ)

शास्त्रवाचन : उत्पत्ति २८:१०–२२, स्तोत्रसंहिता १२१, लूक १०:२५–३७.

आपल्या मंडळ्यांपैकीं पुष्कळ मंडळ्या डोंगराच्या कुशींत वसलेल्या आहेत. त्यांचा पाळक त्यांच्याकडे कसा येतो, किती वेळ थांबतो व केव्हां निघून जातो, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु मंडळीच्या जीवनाशीं त्याचा फार निकट संबंध आहे. या पाठांत तोच प्रश्न आम्ही घोड्याच्या निमित्तानें मांडणार आहों. पाळकानें घोड्यावरून डोंगर चढावा असा काळ आतां उरला नाहीं. तथापि चार पावसाळे आम्हांस तो अनुभव घडला, आणि त्या मुक्या जनावरानें आम्हांस जें शिकविलें तें सेमिनरीच्या वर्गांत आम्ही शिकलों नव्हतों.

१. डोंगर व त्याच्या पायथ्याचें गांव

फर्दापूर हें गांव छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचें औरंगाबाद) जिल्ह्यांत, सोयगांव तालुक्यांत, अजिंठ्याच्या डोंगराच्या उत्तर पायथ्याशीं आहे. संभाजीनगराहून जळगांवाकडे जाणारी सडक सिल्लोड व अजिंठा हीं गांवें मागें टाकून घाट उतरते ती येथेंच. हा डोंगर म्हणजे दोन खोऱ्यांमधील बांध होय. त्याच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस वाघूर नदीवाटे तापीस मिळतो व शेवटीं अरबी समुद्रास जातो. दक्षिण उतारावरचा पाऊस गोदावरीच्या खोऱ्यांत उतरून बंगालच्या उपसागराची वाट धरतो. माथ्यावर शेजारीं शेजारीं पडलेल्या दोन थेंबांची अशी कायमची ताटातूट होते. डोंगराचा काळा खडक सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्हाचा आहे. त्याचे थर एकावर एक बसले असल्यामुळें चढ हा पायऱ्यापायऱ्यांचा आहे, आणि पावसाळ्यांत त्या पायऱ्या अतिशय निसरड्या होतात.

गांवांत मोगल अमदानींतील सराई आहे. दक्षिणेंतून बऱ्हाणपुराकडे जाणारे येणारे लोक घाट चढण्यापूर्वीं किंवा उतरल्यावर येथें जनावरें सोडीत, दाणावैरण करीत व रात्र काढीत. कारण घाटाचा नियम सर्वांस सारखाच होता : अंधार पडल्यावर कोणी घाटांत पाऊल घालूं नये.

गांवाजवळच, वाघूर नदीनें घोड्याच्या नालेसारखें वळण घेतलें आहे तेथें, अजिंठ्याचीं तीस लेणीं आहेत. त्यांतील जुनीं लेणीं ख्रिस्ताच्या पूर्वींचीं, व पुष्कळशीं इसवी सनाच्या पांचव्या शतकांतील आहेत. बौद्ध भिक्षु वर्षांतील आठ महिने पायीं हिंडत व पावसाळ्यांत एके ठिकाणीं राहत. त्या वर्षावासासाठीं अशा विहारांचा उपयोग होई. सतराव्या लेण्यांतील सिंहलाच्या कथेच्या चित्रांत घोडेस्वार रंगविलेले आहेत; म्हणजे या दरींत घोड्याची ओळखही दीड हजार वर्षांची आहे. सराई घ्या, विहार घ्या. हा डोंगर पूर्वींपासून माणसास एकच गोष्ट सांगत आला आहे, ती ही कीं, येथें थांब.

२. तट्टानें शिकविलेले धडे

सुमारें वीस वर्षांपूर्वीं, सेवेच्या आरंभीं, घाटाखालच्या व घाटावरच्या कांहीं लहान मंडळ्या आमच्याकडे सोंपविण्यांत आल्या. डांबरी सडकेपासून दूर, डोंगराच्या खांद्यावर, दोन वाड्या होत्या. दोहोंत मिळून आपल्या लोकांचीं अकरा घरें. उन्हाळ्यांत तेथवर मोटारसायकल कशीबशी जाई; पण मृग लागला कीं वाट बंद होई. खालची काळी माती चाकांत बसून चाक फिरेनासें होई, व वरच्या खडकावर शेवाळ धरे. तेव्हां शेजारच्या एका म्हाताऱ्या धनगर गृहस्थांनीं आपलें कुमेद रंगाचें तट्टू आम्हांस भाड्यानें दिलें. तें उंचीनें बेताचें, पोटानें सुटलेलें व दिसण्यांत अगदीं गरीब होतें. धनगर लोक बिऱ्हाड वाहून नेण्यास जीं दखनी तट्टें बाळगतात त्यांच्याच जातीचें तें होतें. अशा तट्टांत भीमथडीचीं तट्टें मराठी मुलखांत फार जुन्या काळापासून नांवाजलेलीं आहेत.

पहिल्याच दिवशीं उतारावर भिऊन आम्हीं लगाम खेंचून धरला. तट्टू बुजलें व त्याचे मागचे पाय घसरले. आबा मागून चालत येत होते. ते म्हणाले, "पाद्रीबाबा, लगाम ढिला सोडा. वाट तुम्हांला ठावं न्हाई, त्याला ठावं हाय." थोड्या वेळानें उभा उतार लागला तेव्हां ते पुन्हां म्हणाले, "आता खाली उतरा. जनावराला बी गुडघे हायेत." नुकतीच दीक्षा झालेल्या आम्हां पाळकास तो उपदेश थोडा झोंबला, परंतु त्या दिवसापासून आम्ही उभ्या उतारावर पायउतार होऊन तट्टास हातीं धरून चालूं लागलों.

पुढें हळूहळू दुसरेही नियम कळले. चढावर खोगीर मागें सरकतें व उतारावर पुढें येतें, म्हणून घाटाच्या तोंडाशीं व माथ्यावर तंग पाहिल्याशिवाय पुढें जाऊं नये. घामानें भिजलेल्या जनावरास लगेच चंदी देऊं नये. प्रथम खोगीर उतरून, पाठ चोळून, घाम सुकूं द्यावा. ओढ्याचें पाणी एकाएकीं गढूळ झालें व त्यांतून काटक्या वाहूं लागल्या, तर वर डोंगरांत पाऊस कोसळत आहे असें समजून अलीकडेच थांबावें. डोंगरी ओढा जसा लवकर चढतो तसा लवकर उतरतो. दोन घटका धीर धरणारा सुखरूप पार होतो.

आतां पाहा, या प्रत्येक नियमाचा शेवट थांबण्यांत आहे. म्हणून जी वाट कोरड्या दिवसांत मोटारसायकलीनें पाऊण तासांत संपे, तिला तट्टावरून अर्धा दिवस लागे. सकाळीं निघून, दोन्ही वाड्यांत उपासना चालवून, दिवस असतां परत घाट उतरणें शक्यच नव्हतें. मुक्काम करावाच लागे. त्यांत आमच्या भक्तीचा कांहीं मोठेपणा नव्हता. तो तट्टाचा नाइलाज होता.

मुक्कामाची रात्र आम्हांस अजून डोळ्यांपुढें दिसते. अंगणांतील निंबाला तट्टू बांधलेलें. पोरें त्याच्याभोंवतीं जमलेलीं, कारण पाळकापेक्षां तट्टाची प्रतिष्ठा अधिक. कोणी हिरव्या गवताची पेंढी आणून टाकी. आंत चुलीवर भाकर फुगत असे. जेवणें होऊन प्रार्थना झाली म्हणजे लोक उठत आणि दिवा मंद होई. आणि नेमकी तेव्हां खरी भेट सुरू होई.

त्या वाडींत दोन सख्खे भाऊ होते. शेताच्या बांधावरून त्यांचें वांकडें आलें होतें, आणि तीन वर्षें दोघेही प्रभुभोजनास बसले नव्हते. दिवसा विचारलें तर दोघेही "तसं कांहीं न्हाई" म्हणत. एका रात्रीं थोरला भाऊ तट्टाला वैरण घालण्याच्या निमित्तानें बाहेर आला. वैरण घालून झाली, तरी तो जाईना. तट्टाच्या मानेवरून हात फिरवीत, आमच्याकडे न पाहतां, तो म्हणाला, "बांध मीच सरकवला, पाळकबाबा. दीड हात." सकाळीं आम्ही तिघे शेतावर गेलों. त्या दिवशीं बांध जागेवर आला नाहीं. त्याला आणखी एक पावसाळा लागला. परंतु धाकट्यानें त्या सकाळीं थोरल्याच्या घरचा चहा घेतला. अंधार, वैरण व एक मुकें जनावर मध्यें नसतें, तर ती कबुली आमच्या कानीं कधींच पडली नसती.

३. डोंगरांत आलेले दुसरे प्रवासी

थांबणाऱ्याचा व निघून जाणाऱ्याचा भेद या डोंगराच्या इतिहासांतही दिसतो. २८ एप्रिल १८१९ रोजीं मद्रासच्या घोडदळांतील जॉन स्मिथ नांवाचा अधिकारी शिकारीच्या निमित्तानें या दरींत आला, आणि त्याच्यामुळें लेण्यांची वार्ता बाहेरच्या जगास लागली. दहाव्या लेण्यांत त्यानें आपलें नांव व ती तारीख खांबावर कोरून ठेविली. पुढें १८४४ सालीं मेजर रॉबर्ट गिल यांस कंपनी सरकारनें चित्रांच्या प्रती काढण्याच्या कामावर नेमिलें. ते या भागांत वर्षानुवर्षें राहिले, अंधाऱ्या लेण्यांत बसून एकेक चित्र त्यांनीं उतरून घेतलें, व १८७९ सालीं त्यांस मरण आलें तेंही याच बाजूस. भुसावळ येथें त्यांची कबर आहे. त्यांच्या बहुतेक प्रती १८६६ सालीं लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. तरी एकानें भिंतीवर आपलें नांव ठेविलें व दुसऱ्यानें त्या भिंतीकडे पाहण्यांत आयुष्य घालविलें, हा भेद आगीनें पुसला जात नाहीं.

याच मराठी बोलणाऱ्या मुलखांत, नागपुरास, रेव्ह. स्टीव्हन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ सालीं आले. मुंबईहून नागपूरपर्यंत आगगाडी १८६७ सालीं झाली. त्यापूर्वींचा तो काळ. त्यांनीं १८४६ सालीं काढलेल्या शाळेंतूनच पुढें हिस्लॉप कॉलेज निघालें. परंतु शाळा व उपदेश एवढ्यावरच ते थांबले नाहींत. खेड्यापाड्यांच्या फेऱ्यांत दगडांकडे त्यांचें लक्ष जाई. नागपूरच्या आसपास, काळ्या खडकाच्या दोन थरांच्या मध्यें सांपडणारे जुन्या वनस्पतींचे व प्राण्यांचे अवशेष त्यांनीं गोळा केले, आणि आपले सोबती रेव्ह. रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनीं त्यांविषयीं लिहिलेला निबंध १८५५ सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या पत्रांत प्रसिद्ध झाला. गोंड लोकांचे शब्द, कथा व गाणीं यांचेंही त्यांनीं टिपण ठेविलें. जो मनुष्य घोडा दौडवीत वाडीवरून निघून जातो त्यास गोंड गाणें ऐकवीत नाहीं. त्यासाठीं खालीं उतरावें लागतें व रात्र पडूं द्यावी लागते.

या मनुष्याचा अंतही घोड्यावरच झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन दगडी वर्तुळें पाहून परततांना, पावसानें भरलेला ओढा ओलांडीत असतां ते बुडून मरण पावले. त्यांचें तें शेहेचाळिसावें वर्ष होतें. गोंड लोकांविषयींचीं त्यांचीं टिपणें रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं प्रसिद्ध केलीं. आज त्यांच्याच वयास पोंचलेल्या आम्हांस ती हकीकत वाचतांना धनगर आबांचा ओढ्याचा नियम आठवतो, आणि मन स्तब्ध होतें. पाण्याला कोणाचें शिक्षण कळत नाहीं व कोणाचें पुण्यही कळत नाहीं. म्हणून घोड्यावरच्या जुन्या सेवकांच्या आठवणी आपण नुसत्या कौतुकानें वाचूं नयेत. तो प्रवास खडतर होता, त्यानें माणसें दगावलीं, आणि तो काळ परत यावा असें आम्ही म्हणत नाहीं.

४. आमची चूक

पुढें त्या वाड्यांपर्यंत पक्की सडक झाली. आजारी माणसास दवाखान्यांत नेणें सोपें झालें, मुलें वरच्या शाळेंत जाऊं लागलीं. त्याबद्दल आम्हीं देवाचे उपकार मानले व आजही मानतों. आम्हीं तट्टू आबांस परत केलें. मग एका रविवारीं दोन उपासना होत होत्या त्या चार होऊं लागल्या. वहींत भेटींची संख्या वाढली, आणि ती वाचून दाखवितांना आम्हांस मनांतून बरें वाटे.

वरच्या वाडींत एक वृद्ध विधवा राहत असे. सर्व तिला आत्या म्हणत. तट्टाच्या दिवसांत आमचा मुक्काम बहुधा तिच्याच ओसरीवर असे. सडक झाल्यावरही प्रत्येक उपासनेनंतर ती दारापर्यंत येई. एकदां म्हणाली, "आज वस्तीला ऱ्हावा की, पाळकबाबा." आम्हीं घड्याळ पाहिलें व म्हटलें, "आत्या, पुढच्या खेपेस." दुसऱ्या खेपेस तीच विनंति व तेंच उत्तर. तिसऱ्या खेपेस गाडी सुरू असतांनाच तिनें विचारलें, आणि आम्हीं नुसता हात हालविला. चौथ्या खेपेस आम्ही गेलों तेव्हां दाराला कडी होती. तिला माती देऊन आठ दिवस झाले होते. ज्या आठवड्यांत ती गेली त्या आठवड्यांत आम्ही सभेसाठीं दूर गेलों होतों, म्हणून निरोपही वेळेवर पोंचला नाहीं.

शेजारणीनें सांगितलें, "तिला तुमच्याकडून कागद लिहून घ्यायचा होता. ल्येकाला." तिचा एकुलता एक मुलगा भांडून घरांतून निघून गेला होता व ऊसतोडीच्या टोळींत कोठें तरी होता. दिवसाढवळ्या, चार माणसांत, ती गोष्ट तिच्या तोंडून निघणारी नव्हती. तिला दिवा मंद होण्याची वाट पाहावयाची होती. आम्हीं तिला तो मंद दिवा दिला नाहीं.

दोन महिन्यांनीं आम्हीं त्या मुलाचा शोध लाविला. उसाच्या फडांत, पाचटाच्या खोपीपुढें तो बसला होता. आई गेल्याचें त्याला कळलें होतें. आमचें बोलणें त्यानें मुकाट्यानें ऐकून घेतलें, आणि एवढेंच विचारलें, "आईनं माझ्यासाठी काय सांगून ठेवलं होतं?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आई त्याला क्षमा करीत होती कीं त्याची क्षमा मागत होती, कीं केवळ घरीं ये म्हणत होती, हें आम्हांस ठाऊक नव्हतें, आणि आतां तें कोणासही ठाऊक होणार नाहीं. जवळच्या ओसरीवर एक रात्र निजण्याचा कंटाळा, ही आमची चूक. आणि तिचें ओझें दुसऱ्याच्या मुलाला जन्मभर वाहावें लागत आहे.

५. शास्त्र काय शिकवितें

वर दिलेले तिन्ही भाग पुन्हां वाचून पाहावे. याकोब पळून जात असतां सूर्य मावळला म्हणून थांबला. धोंडा उशाला घेऊन निजला. आणि त्याच रात्रीं देव त्याच्याशीं बोलला. त्या मुक्कामाच्या जागेस त्यानें बेथेल हें नांव दिलें. अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेस, जालन्याजवळ, रेव्ह. नारायण शेषाद्रि यांनीं निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर ख्रिस्ती लोकांचें गांव वसविलें, तेव्हां त्यांनीं हेंच नांव निवडिलें. भटकणाऱ्या माणसाचा एका रात्रीचा मुक्काम हेंच देवाचें घर ठरलें, हें आपण विसरूं नये.

एकशें एकविसावें स्तोत्र वाटसरूचें आहे. त्यांत डोंगर आहे, घसरूं शकणारा पाय आहे, दिवसाचें ऊन आहे व रात्रही आहे. घाटांत तट्टावर बसून तें आठवलें म्हणजे पाय घसरण्याची गोष्ट अलंकार म्हणून लिहिलेली नाहीं हें ध्यानांत येतें.

आणि शोमरोनी मनुष्याचा दाखला आपण सर्वांस तोंडपाठ आहे. पण त्यांतील दोन गोष्टींकडे आपलें लक्ष क्वचित् जातें. पहिली ही कीं, त्यानें जखमी मनुष्यास स्वतःच्या जनावरावर बसविलें, म्हणजे तो स्वतः पायउतार झाला. दुसरी ही कीं, त्यानें उतारशाळेच्या रक्षकास पैसे दिले ते दुसऱ्या दिवशीं. म्हणजे ती रात्र तो तेथेंच राहिला. याजक व लेवी यांच्याजवळ दया मुळींच नव्हती असें आपण सहज म्हणतों. कदाचित् त्यांस पुढच्या गांवची उपासना गांठावयाची असेल. फर्दापूरच्या सराईजवळून जातांना हा विचार आम्हांस प्रत्येक वेळीं टोंचतो.

६. आतां काय करावें

आम्ही मोटारसायकल सोडलेली नाहीं, व कोणीं सोडावी असेंही आमचें म्हणणें नाहीं. परंतु आत्या गेल्यापासून आम्हीं एक नेम केला आहे : महिन्यांतून दोन रात्री घाटावरील वाड्यांत काढावयाच्या, आणि त्या रात्रीं कोणतीही सभा ठेवावयाची नाहीं. पहिले कांहीं महिने लोक संकोचले. आतां उशिरां कोणी तरी येऊन ओसरीच्या कडेला बसतो. वैरण घालावयास तट्टू नाहीं, म्हणून तो उगाच पाणी हवें का असें विचारतो. आणि आम्ही हवें म्हणतों.

मंडळीचेंही यांत कर्तव्य आहे. पाळक आला म्हणजे पंचपक्वान्नांची खटपट करूं नये. त्या धास्तीनेंच गरीब घर त्याला राहा म्हणावयास भितें. एक बाज, एक घोंगडी व भाकरी पुरे आहे. तो घाईंत दिसला तर वडील माणसांनीं त्यास प्रेमानें पण स्पष्ट बजावावें, जसें आबांनीं आम्हांस बजाविलें, कीं आतां खालीं उतरा.

चर्चेसाठीं प्रश्न

१. आपल्या गांवीं पाळकाचा किंवा वडिलांचा शेवटचा रात्रीचा मुक्काम केव्हां व कोणाच्या घरीं झाला?

२. दिवसा चार लोकांत बोलतां येत नाहीं अशी गोष्ट मनांत असलेलें कोणी आपल्या मंडळींत आहे काय? त्याच्याकडे रात्रीं कोण जाईल?

३. याकोब, स्तोत्रांतील वाटसरू व शोमरोनी मनुष्य या तिघांस रात्रींनें काय शिकविलें?

४. आपल्या कामांत कोणता लगाम आपण भीतीनें खेंचून धरला आहे, व तो ढिला सोडण्यास आपणांस कशाची अडचण वाटते?

या आठवड्यांत ज्या घरांतून तुम्हांस दोनदां "थांबा" म्हटलें गेलें असेल, त्या घरीं जा. तिसऱ्या वेळेची वाट पाहूं नका.